चिडलेल्या बायांची तबकडी

कर्णेवाल्या तात्यांनी कुणासाठी आवाज कमी केला, असं कधी झालं नाही. एका लग्नात खुद्द नवऱ्या मुलाने मशिनच्या बटणाला हात लावला. तात्यांनी माइकचा लोखंडी दांडा त्याच्या मनगटावर घातला आणि विचारलं, "मी तुझ्या नवरीला हात लावला का? मग माझ्या बटनाला का लावतो?" लग्न लागलं, पण नवऱ्याच्या हाताला पट्टी बांधून.

शेवगाव तालुक्यात कर्णे भाड्याने देणारे आणखी दोघे-तिघे होते. पण विलायती तबकडी फक्त तात्यांकडे. नगरच्या कॅम्पातला कुणी लष्करी साहेब बदलून गेला, त्याच्या भंगारात ही तबकडी आणि ती वाजवायचं मशिन त्यांना मिळालं. मशिनचा वेगाचा खटका गंजून एकाच जागी बसला होता. तबकडीच्या फाटक्या वेष्टनावर चार पाठमोऱ्या आकृत्या होत्या, केस कमरेपर्यंत. आवाज उंच, धारदार आणि संतापलेला. तेव्हा या चार बाया आहेत आणि त्या भयंकर चिडलेल्या आहेत, यावर सगळ्या तालुक्याचं एकमत होतं. इंग्रजी मला वाचता येत होतं, पण त्या आरड्याओरड्यातला शब्द मलाही कळत नव्हता. तबकडीतल्या पाच गाण्यांना लोकांनी आपापली नावं दिली. सर्वांत लाडकं होतं घणाचं गाणं, कारण त्यातला ढोल दगडावर घण पडावा तसा पडायचा.

मी तेव्हा पत्रकं काढत असे. पत्रकांवरच वाढलो होतो म्हणा ना. जगातला कुठलाही अन्याय एका कागदाच्या दोन बाजूंत मावतो, असा माझा विश्वास होता. तात्या मला 'पत्रक्या' म्हणत. सभेला कर्णा लावला की त्यांचा नियम ठरलेला: आधी गाणं, मग भाषण. मी एकदा चिडून म्हणालो, "तात्या, ही परक्या भांडवलदारांची गाणी आहेत."

"भांडवलदारीन इतक्या जोरानं बोंबलंल का रं? तिला बोंबलायला नोकर असत्यात."

 याचं उत्तर मी पत्रकात शोधलं, तिथे नव्हतं.

दुष्काळाच्या वर्षी लग्नं थांबली. तात्या इतरांसारखेच सरकारी खडी केंद्रावर दगड फोडायला आले. पण येताना हातगाडीवर मशिन, बॅटरी आणि कर्णा घेऊन आले. दुपारी बॅटरी पुरेल तेवढा वेळ कर्णा लिंबावरून ओरडायचा आणि खाली दोनशे बाया त्याच ठेक्यावर दगड फोडायच्या. तात्यांची शेजारीण येसूबाई घण उचलता उचलता विचारायची, "तात्या, ह्या बाया कुनावर चिडल्यात वो?"

"तू कुनावर चिडलीयस?"

"मुकादमावर."

"मग त्यापन त्याच्यावरच."

केंद्रासाठी पाण्याचा टँकर मंजूर होता. तो यायचा, मुकादम सही घ्यायचा आणि टँकर तसाच बागाईतदाराच्या मोसंबीकडे निघून जायचा. बाया खड्ड्यातलं गढूळ पाणी पदराने गाळून प्यायच्या. त्या पाण्याने येसूबाईची सहा वर्षांची लेक गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी येसूबाई घण घेऊन कामावर होती. मी सभा ठरवली. मंगळवारी टँकर आला की अडवायचा. बागाईतदाराच्या भीतीने तालुक्यात दुसरं कुणी कर्णा द्यायला तयार होईना. तात्या म्हणाले, "मी हाय की."

सोमवारी बागाईतदाराचा माणूस आला. वैशाखात मालकांच्या मुलीचं लग्न आहे, कर्णा तुमचाच, फक्त उद्या तो घरी ठेवा, असा निरोप होता. तात्यांनी विचारलं,

"निरोप आनलास. पानी आनलंस का?"

"पाणी कशाला?"

तात्यांनी त्याच्या अशी थोबाडीत दिली की टोपी धुळीत आणि माणूस टोपीवर.

मंगळवारी टँकर आला, त्याच्या मागून जीप. जीपमध्ये सहा माणसं, हातात काठ्या. मुकादमाने बायांना खडीच्या ढिगापलीकडे कामात अडकवून ठेवलं होतं. लिंबाखाली मी, तात्या आणि दहा-बारा म्हातारे. मी पत्रक वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीला काठी माइकवर पडली, चौथ्या ओळीला माझ्या डोक्यावर. तेवढ्यात तात्यांनी घणाच्या गाण्यावर सुई टेकवली आणि बटण शेवटपर्यंत पिळलं.

"बंद कर, थेरड्या!"

तात्यांनी उजवा पंजा सुईच्या दांडीवर आडवा धरला. पहिली काठी त्या पंजावर पडली. सुई उडाली, पुन्हा टेकली. दुसरी पडली. हाड मोडल्याचा आवाज मी कर्ण्याच्या आवाजातूनही ऐकला. तिसरी, चौथी. पंजा हलला नाही. तात्या त्या माणसाच्या आई-बापाचा, आज्या-पणज्याचा नावानिशी उद्धार करत होते आणि वरून चार बाया ओरडत होत्या. मग ढिगावर येसूबाई दिसली. तिच्यामागे सगळ्या, कासोटा खोचलेल्या, हातात हातोडे.

पुढचं मी पत्रकात कधी लिहिलं नाही. एकाचा गुडघा आत वळला. एकाचे दात मी खडीत पडलेले पाहिले. पंजावर मारणारा रांगत पळत होता आणि येसूबाई त्याच्यामागे चालत होती, धावतही नव्हती. 'रक्त सांडावं लागेल' असं मी कितीदा छापलं होतं. त्या दिवशी ते सांडलं आणि मी लिंबाच्या खोडाआड झालो. पण खोटं बोलणार नाही, थांबा म्हणून मी ओरडलो नाही. जीपने जाता जाता मशिन आणि तबकडी चिरडली. टँकरची सगळी चाकं बायांनी फोडली. पोलिसांनी आम्हाला नेलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर केंद्रावर थांबून पाणी द्यायला लागला.

तात्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं परत वळली नाहीत. मशिन नाही, हात नाही. कर्ण्याचा धंदा गेला.

दोन वर्षांनी नगरला एका मित्राच्या खोलीत मला तेच वेष्टन दिसलं, आणि या वेळी ते धड होतं. ती गाणी म्हणे जगभर अजून वाजतात. त्याने तबकडी लावली. चार पुरुष गात होते. जड, संथ, जवळजवळ दुःखी. तात्यांचं मशिन जन्मभर चुकीच्या, जादा वेगाने पळत होतं.

मित्राचं मशिन मागून घेतलं आणि एस.टी.ने तात्यांकडे गेलो. गाणं लावलं. तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्ये कोन रडतंय?"

"तेच आहेत, तात्या. गडी आहेत. आपला खटका चुकीचा होता."

तात्या मशिनवर वाकले. मग न वळणाऱ्या बोटाने त्यांनी खटका पुढे ढकलला. आवाज चढला, धार आली, घण पडायला लागले.

दारात सावली पडली. येसूबाई कांडण टाकून आली होती, कासोटा खोचून, हातात मुसळ.

"कोन आलंय, तात्या?"

"कुनी न्हाई गं. बस. नुसतं गानं हाय."

ती बसली. पण गाणं संपेपर्यंत तिने मुसळ खाली ठेवलं नाही.