कसरीचे डोहाळे

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे सात. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, महिना सातवा. दुपारी चारला येणार: लेकीच्या सासरच्या अकरा बायका, डोहाळजेवणासाठी. न बोलावता हजर: कसर. संख्या सांगता येत नाही.

माझ्या यादीत त्या दिवशी तेवीस कामं होती. पहिलं काम होतं, सासूबाईंची गाण्यांची वही काढणे. शेजारी मी 'दोन मिनिटं' असं लिहिलं होतं.

त्या वहीत सासूबाईंनी मंद्रूपहून, माहेरून आणलेलं डोहाळ्यांचं गाणं आहे. महिन्याला एक कडवं, कडव्याला एक पान. आमच्या घरातलं एकही डोहाळजेवण त्यांच्या गाण्याशिवाय झालेलं नाही. पण गेल्या वर्षी शेजारी गाताना त्या चौथ्या महिन्यानंतर थांबल्या आणि खोकू लागल्या. सगळ्यांनी पाणी दिलं. तो खोकला नव्हता, हे फक्त मला कळलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "आता वही म्होरं असली तरच म्हणंन. न्हायतर न्हाय." नातीच्या डोहाळजेवणाला त्या गप्प बसल्या असत्या, तर ते मला बघवलं नसतं.

वही कुठे आहे, हे माहीत असायला हवं होतं. प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून मी यादी चिकटवते: कोणता कप्पा, त्यात काय. मागच्या खोलीतलं कपाट उघडलं तर यादीच नाही. तळाशी कागदाची जाळी पडलेली, आणि तिच्याखालून काहीतरी चंदेरी सळकन फटीत गेलं.

"झुरळ?" नवऱ्याने विचारलं.

"कसर."

त्याने ती जाळी उचलून उजेडात धरली. "चला, तुझी यादी शेवटी कुणीतरी मन लावून वाचली."

चूक माझीच होती. टेपचे डाग राहतात म्हणून मी याद्या मैद्याच्या खळीने चिकटवते. कसरीला खळीहून गोड काही नाही. त्याखालोखाल कागद, पुस्तकांचे पुठ्ठे, स्टार्च केलेल्या साड्या. तिला अंधार लागतो आणि ओल लागते. मार्चपासून मागच्या खिडकीत कूलर चालू, आणि कपाट त्याच भिंतीला टेकवलेलं. बाहेर सोलापूर भाजत होतं आणि कपाटामागे आम्ही कसरीसाठी थंड हवेचं ठिकाण वसवलं होतं.

"म्हणजे जेवण तुझं आणि पाणी माझं," कूलर भरणारा नवरा म्हणाला.

यादीच गेल्यामुळे सगळंच उपसावं लागलं. तीन कपाटं, दोन ट्रंका. गच्चीवर चादरी अंथरल्या आणि सगळं उन्हात टाकलं. ऊन आणि कोरडी हवा कसरीला सोसत नाही, आणि या दोन गोष्टींची आमच्या गावात टंचाई नाही. लेक खाली खोलीत खुर्चीत बसून टॉर्चने हुकूम सोडत होती. "बाबा, डावीकडं! पळाली! अहो, तुमच्या पायावर!" नवरा एका पायावर नाचला आणि रिकाम्या ट्रंकेत बसला. लेकीने पोट धरलं. "हसवू नका हो, आतून लाथा बसतायत!" त्याला डांबरगोळ्या टाकायच्या होत्या. मी हातातून काढून घेतल्या. घरात गरोदर बाई आहे, तो वास नको. वाळलेला कडुलिंब आणि लवंगा चालतील.

साडेबाराला दुसऱ्या ट्रंकेच्या तळाशी वही सापडली. मी तिथेच उभ्याने उघडली. पहिले चार महिने शाबूत. आठवा, नववा शाबूत. पाचवा, सहावा, सातवा: जाळी. हीच तीन पानं सुटली होती म्हणून गेल्या दिवाळीत मी ती भरपूर खळ लावून पक्की केली होती.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. म्हटलं, "आत्या, माझ्या खळीनं घात केला."

त्यांनी सातव्या महिन्याचं पान डोळ्यांसमोर धरलं आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं. "हितनं तू दिसतीस की गं," म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. वही घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी उरलेली बावीस कामं केली, पण एकावरही खूण करायचं सुचलं नाही.

चारला मंडळी आली. हिरव्या साडीतली लेक झोपाळ्यावर बसली. विहीणबाई म्हणाल्या, "आजी, आता तुमचं गाणं होऊ द्या."

सासूबाईंनी वही उघडली. चार महिने सुरात गेले. पान उलटलं आणि त्या थांबल्या. माझा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला. त्यांनी ते जाळीचं पान वर उचललं, भोकातून सगळ्या बायकांकडे एकदा पाहिलं आणि त्याच चालीत सुरू केलं:

"पाचव्या महिन्याला काय गं झालं?
कसरीला डोहाळं, तिनं पान खाल्लं!"

एक क्षण कुणाला कळेना. मग विहीणबाईंना हसू फुटलं.

"सहाव्या महिन्याला काय गं हवं?
हिला चिंच-आवळा, तिला पान नवं!"

आता झोपाळाच हसण्याने हलत होता. नवरा दाराआडून डोकावत होता. सातव्या महिन्याला सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी गायलं आणि अकरा बायका एकमेकींवर कोसळल्या. मी पदराने डोळे पुसत होते, मला शब्दच ऐकू आले नाहीत.

आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय. फटी बुजवल्यात. कूलर समोरच्या खोलीत गेलाय. याद्या खिळ्याला दोऱ्याने टांगल्यात, खळ घरातून हद्दपार. गाण्याची नवी वही दोऱ्याने शिवली, स्टीलच्या डब्यात लवंगांसोबत ठेवली. सहा जुनी कडवी उतरवली, दोन नवी लिहिली.

सातवं मात्र कुणालाच नीट आठवत नाही. लेक म्हणते, त्यात शेंगाचटणी होती. विहीणबाई फोनवर शपथेवर सांगतात की कूलर होता. रेकॉर्डिंग नाही, कारण तेवीस कामांत मी ते लिहिलंच नव्हतं. सासूबाईंना रोज सकाळी चहाबरोबर विचारते.

"आता कुटं ध्यानात हाय? पुन्यांदा म्हटलं तर येगळंच येईल की."

"वेगळं तर वेगळं. सांगा, लिहून घेते."

"अशी चहाच्या कपावर गाणी येत्यात व्हय गं? समोर पोटुशी लागती, बायका लागत्यात."

लेकीला आठवा लागलाय. नव्या वहीतलं सातवं पान कोरं आहे, आणि माझ्या यादीत एक काम रोज दुसऱ्या दिवसावर जातंय: सातवं कडवं, आत्यांकडून लिहून घेणे.