दुसऱ्याचं दुखणं

"ताई, माझ्या मागं बसलंय त्यांला जरा सरकायला सांगा," डोळे न उघडता हौसाक्का म्हणाल्या.

त्यांच्या मागे भिंत होती. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये उशी मावली असती, माणूस नाही.

आंबवड्यात एका शेतघराच्या हॉलमध्ये माझा वर्ग चालू होता. दुपारची वेळ. डोंगरावरून उतरलेलं धुकं खिडक्यांच्या काचांना चिकटलं होतं. लाइट गेलेले. सतरंजीवर सात-आठ बायका डोळे मिटून बसल्या होत्या.

मी ध्यान शिकवते. माझे विद्यार्थी जरा वेगळे असतात. ते हीलिंग करणारे असतात. कुणी रेकी करतं, कुणी प्रार्थना म्हणतं, कुणी दुखऱ्या जागी नुसता हात ठेवतं. त्यात तथ्य किती, हा वाद मी घालत नाही. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी स्वतःचं अंग ओळखायला शिकवणं, एवढंच माझं काम. आधी श्वासाकडे लक्ष द्यायचं. मग बॉडी स्कॅन, म्हणजे पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका जागी मनानं जायचं आणि तिथं जे जाणवेल ते नुसतं बघायचं. शेवटी ग्राउंडिंग. दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे आणि आपण कुठं बसलोय, आज वार कोणता, हे स्वतःला सांगायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण रोज परक्यांची दुखणी ऐकणाऱ्याला ही शेवटची पायरी जमली नाही, तर ती दुखणी त्याच्याबरोबर घरी येतात.

हौसाक्का विंझरकडच्या. साठी ओलांडलेल्या, घरची शेती. हात फिरवून दुखणं उतरवतात, असं त्या भागात नाव होतं. आदल्या संध्याकाळी त्या आंबवड्यात दिलेल्या लेकीकडे, सुमनकडे आल्या होत्या. वर्ग भरवणाऱ्या भोरच्या मेधा मॅडमनी त्यांना आग्रहानं आणून बसवलं होतं. सकाळी ओळख करून देताना हौसाक्का म्हणाल्या होत्या, "म्या हात ठिवला की त्याचं दुखणं माझ्यात येतं. मग मिठाच्या पान्यानं हात धुते, की जातं."

आता मी आवाज सपाट ठेवून विचारलं, "कोण आहे मागे, अक्का?" ध्यानात माणसांना काहीबाही दिसतं. शिकवणारी दचकली की सगळा वर्ग दचकतो.

"बबनराव. आमच्या वाडीतलं. काल त्यांच्या छातीवर हात ठिवला हुता. लई दुखत हुतं त्यांला."

"काय म्हणतात?"

"काय न्हाई. नुसतं धरून बसल्यात." त्यांचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला, तिथून जबड्याकडे सरकला. "हितनं हितवर."

कोपऱ्यातली एक बाई कुजबुजली, "मॅडम, आत्ता कुणीतरी खोकलं. पुरुष होता."

हॉलमध्ये पुरुष नव्हता. पण तो खोकला मीही ऐकला होता.

डोळे मिटलेल्या वर्गात मी चेहऱ्यांपेक्षा श्वास ऐकते. सरावानं कुणाचा कुठला ते कळतं. त्या क्षणी मला एक जड, अडखळणारा श्वास ऐकू येत होता. तो हौसाक्कांच्या बाजूनं येत होता, आणि हौसाक्कांची छाती जेमतेम हलत होती. मानेवर काटा आला. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि मनगट धरलं. हात थंडगार होता. पदर घामानं भिजला होता.

"हात लावू नका!" मेधा मॅडम पुढे आल्या. "त्यांची एनर्जी उघडी आहे. आपण सगळ्या मिळून क्लिअर करू."

"मेधाताई, गाडी काढा."

"ध्यानातून मध्येच उठवलं तर ते त्यांच्यात अडकून राहील!"

"गाडी काढा. भोरला जायचंय. आणि सुमनला बोलवा."

त्या रागानं गेल्या, पण गेल्या.

मी हौसाक्कांचे तळवे सतरंजीवर टेकवले. "अक्का, आज वार कोणता?"

"बेस्तरवार."

"कुठं बसलाय?"

"आंबवड्यात."

"डोळे उघडा."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून निघाली आणि हळूहळू दारापर्यंत गेली, कुणीतरी चालत बाहेर जात असल्यासारखी. वर्गातल्या सगळ्या बायका त्या दाराकडे बघत राहिल्या.

"उठलं," हौसाक्का म्हणाल्या. "पर दुखणं ठिवून गेलं."

"आपण डॉक्टरकडे जाऊ."

"कशाला? माझं न्हाई ते. दुसऱ्याचं दुखणं डाक्टरला कसं दावायचं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांच्याशी वाद घालायला वेळ नव्हता, आणि त्यांचा विश्वास मोडला असता तर त्या गाडीत बसल्याही नसत्या.

मी म्हटलं, "दुखणं बबनरावांचं असू दे. पण आत्ता ते कुणाच्या अंगात आहे?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माझ्या."

"मग ते अंग दाखवू."

त्या उठल्या.

धुक्यात रस्ता दिसत नव्हता. मेधा मॅडम गाडी चालवत होत्या, मी शेजारी. मागच्या सीटवर सुमन आणि हौसाक्का. हौसाक्का एका दाराला खेटून बसल्या होत्या.

"आई, इकडं सरक की. मध्ये जागा आहे," सुमन म्हणाली.

"असू दे," हौसाक्का म्हणाल्या. "असू दे तेवढी."

मेधा मॅडमनी आरशात पाहिलं. भोर येईपर्यंत त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं नाही.

दवाखान्यात ईसीजी काढला. हृदयाच्या ठोक्यांची वीज कागदावर रेघेत उमटते, ती तपासणी. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि नर्सला हाक मारली. "अटॅक आहे. आत्ता चालू आहे. पुण्याला हलवायचंय." गोळ्या दिल्या, सुई लावली, ॲम्ब्युलन्सला फोन गेला. मग त्यांनी विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

"कालपास्नं. बबनरावाला हात लावल्यापास्नं."

"आई!" सुमन रडवेली झाली. "गणपतीत भाकरी थापताना डावा हात चोळत नव्हतीस?"

"ते पारूचं हुतं. तिचा खांदा धरला हुता, ते."

"आणि चढावर दम लागायचा?"

"त्यो शिरपाचा दमा."

"आणि पाठ?"

पाठीलाही कुणाचं तरी नाव निघालं. प्रत्येक कळेला माणूस ठरलेला होता. हॉलमध्ये वाटली नव्हती तेवढी भीती मला तिथं वाटली. त्या बाईच्या अंगात तिचं स्वतःचं असं एकही दुखणं नव्हतं.

ॲम्ब्युलन्स निघताना मला बबनराव आठवले. त्यांच्याही छातीत दुखत होतं. सुमनकडून त्यांचा नंबर घेतला आणि गाडी गेल्यावर लावला. फोन कोण उचलेल आणि काय सांगेल, कोण जाणे.

बबनरावांनीच उचलला.

"म्या बरा हाय की. अक्कानं हात ठिवला आन् दुखणं पार गेलं."

"तरी तपासून घ्या. दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही."

"बघू, बघू." मग ते घुटमळले. "ताई, एक इचारू? अक्का बरी हाय न्हवं? दुपारी जेवून पडलो, तवा डोळा लागला. सपनात म्या त्यांच्या मागं बसलो हुतो. लई हाका मारायच्या हुत्या. पर नुसता खोकलाच येत हुता, आवाज न्हाई."

मी त्यांना वर्गातलं काहीच सांगितलं नव्हतं. सुमन तर वर्गात नव्हतीच, आणि आता ती आईला घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये होती.

अक्कांचं काय झालं ते मी त्यांना सांगितलं. मग मात्र ते वेल्ह्याला जाऊन ईसीजी काढून आले. त्यांचं हृदय ठणठणीत निघालं. पित्त होतं.

हौसाक्कांच्या हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती. पुण्यात अँजिओप्लास्टी झाली. हातातल्या रक्तवाहिनीतून तार घालून ती नळी उघडली आणि तिथं स्टेंट, म्हणजे जाळीचा बारीक तुकडा, बसवला. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं तिथले डॉक्टर सुमनला म्हणाले.

दिवाळीनंतर त्या पुन्हा वर्गाला आल्या. बॉडी स्कॅन चालू असताना मध्येच म्हणाल्या, "ताई, गुडघा दुखतोय."

"कुणाचा?"

त्यांनी गुडघा हातानं दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "माझाच. दुसऱ्या कुणाचा असणार?"

हीलिंग करणाऱ्याला शिकवायचं सगळ्यात अवघड ध्यान हेच आहे. त्या दुपारी हॉलमध्ये काय झालं, ते मला सांगता येत नाही. मेधा मॅडमना येतं. त्या सांगतात, आणि ऐकायला गर्दी होते.

मी एकच बदल केला. माझ्या वर्गाला यायचं तर आधी डॉक्टरकडून स्वतःची तपासणी करून यावं लागतं. काहीजणी रागावतात. "आम्ही दुसऱ्यांना बरं करतो, आमची कसली तपासणी?" म्हणून परत जातात. त्यांना मी थांबवत नाही. फक्त जाताना त्यांचं बीपी तेवढं मोजून घेते.