शेवटच्या अंकातला शालू

कापसाच्या वेचणीला जाताना आमच्याकडच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना शर्ट चढवतात. पराटीच्या काड्यांनी हात ओरबाडत नाहीत. त्या वर्षी सगळ्यांनीच बीटी पेरली होती, बोंडं एकदम फुटली, आणि माझ्या नाटकातल्या बाया तालमीला थेट वावरातून, शर्टातच यायच्या. सैनिकांच्या कपड्यांचा प्रश्न मिटला.

मी तेव्हा जानेफळला शिक्षिका होते. नाटक शंभर वर्षांपूर्वीचं, एका बाईनं लिहिलेलं. वाचनालयाच्या रद्दीत सापडलं. सेनापतीची मुलगी पुरुषवेषात लढते, राणी तिच्या प्रेमात पडते, शेवटी वरमाला घालते. सेनापतीच्या मुलीचं काम मी गावातल्या एकीला दिलं होतं. तिशीची, बिनलग्नाची. तिचा शर्ट वेचणीपुरता नव्हता. ती घरीही शर्ट-पँटमध्येच असायची. बाया तिला 'दादा' म्हणायच्या, थोडं थट्टेनं, थोडं सवयीनं.

शेवटच्या प्रवेशासाठी मी माझा लग्नातला शालू आणला. तिनं हातही लावला नाही.

"हे नेसा लागत असन, त मी नाटकच करत नाही, बाई."

"अगं, शेवटी वेष उतरतोच. मग दोघी बहिणी-बहिणी होतात."

"अवो, दादाले शालू नेसवला त राणी पळून जाईन ना!" राणी झालेली म्हणाली. सगळ्या हसल्या. ती नाही.

"कुठी लिहिलं, ते दाखवा."

मी पुस्तक उघडलं. पानं उलटली, परत मागे आले, अख्खा अंक पुन्हा वाचला. वेष उतरवायची सूचनाच नव्हती. समई कुठे ठेवायची हेसुद्धा त्या लेखिकेनं लिहून ठेवलं होतं, आणि हे नाही! जखम बांधताना राणीला दुसऱ्या अंकातच कळतं, की ही बाई आहे. माळ ती कळून-सवरून घालते. महिनाभर तालमी घेत होते मी, आणि शालू फक्त माझ्या डोक्यात होता. मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"नाही लिहिलं. कुठेच नाही!"

"मंग?"

"मग शर्टातच उभी राहा. फेटा मी बांधते."

प्रयोगाला गाव लोटलं. माळ पडली तशी एक म्हातारी ओरडली, "काऊन वो, लुगडं नेसलंच नाही?"

"राणीले चालते ना, तुले काऊन जड?" शेजारणीनं परस्पर उत्तर दिलं.

मंचावर दादाचा फेटा घसरला. एका हातानं तो सावरत दादानं दुसऱ्या हातानं राणीचा हात धरला. तेही पुस्तकात नव्हतं. मी चालू दिलं.