आप्पा मास्तरांचा पसरलेला वर्ग

काशीतली चार मराठी माणसं जमली की कोणीतरी आप्पा मास्तरांचा विषय काढतोच, आणि मग उठायचं नाव नको. इंग्रजांच्या राज्यात दुर्गाघाटाजवळ आमची लहानशी मराठी शाळा होती. ते हेडमास्तर, मी असिस्टंट. मी मुलांना ओळीत बसवायचो, ते ओळ मोडायचे.

पहिल्याच दिवशी वर्गात शिरलो, तर एक पोर नाही! सगळी घाटावर. कोणी पायऱ्या चढत बेरीज करतोय, कोणी बुरुजाला टेकून वाचतोय. मी चिडून विचारलं, "वर्ग कुठाय?"

"पसरलाय," मास्तर म्हणाले.

*

विशू वैदिकाचा मुलगा. घरी मंत्रांचे शब्द उलटसुलट घोकायची सवय, त्यामुळे सरळ पाढा त्याच्या डोक्यात शिरेना. मास्तरांनी पाढेही तसेच घोकून घेतले. "सात आठे छप्पन्न, छप्पन्न आठे सात," हात वरखाली करत विशू म्हणायचा, आणि मी तोंड फिरवून हसायचो.

पुढे भागाकार आला. तो विशूला शिकवावाच लागला नाही.

*

गोदी एका जागी बसत नसे. मी तिला कोपऱ्यात उभी करायचो. मास्तरांनी पाटी देऊन गल्ल्यांत पिटाळली, "ब्रह्माघाटापर्यंतचा नकाशा काढून आण." तिने काढला. नवा डाकवाला त्याची नक्कल उतरवून घेऊन गेला.

*

दिनू अडखळायचा. वडील भिक्षुकी करत. ते एकदा म्हणाले, "मास्तर, ह्याचं तोंडच उघडत नाही, शिकवून काय फायदा? इन्स्पेक्शनला वाचला तर ठीक. नाही तर दुसऱ्या दिवसापासून अन्नछत्रात पाणी भरेल."

मास्तर रोज त्याच्याबरोबर मोठ्याने वाचायचे आणि मधेच हळूच गप्प व्हायचे. दोन ओळी दिनू एकटाच वाचत जायचा. मग त्याच्या ते लक्षात यायचं आणि तो थांबायचा.

इन्स्पेक्शनच्या दिवशी नेमके मास्तर तापाने अंथरुणात. साहेबांनी दिनूकडेच बोट केलं, "पढ़ो." दारात वडील उभे. दिनूच्या ओठांवर पहिलं अक्षर अडकलं ते अडकलंच. मला काही म्हणजे काही सुचेना.

विशू उठला आणि त्याच्याबरोबर वाचू लागला. मग गोदी, मग सगळा वर्ग. दिनूचा आवाज त्यात मिसळला. दुसऱ्या ओळीला गोदी गप्प झाली. तिसरीला विशू. मग एकेक करून सगळे.

दिनूने पान उलटलं.