विहीणबाईंशी बोलायचं राहिलं

मुलगी लग्न करून इस्तंबूलला गेली. तिला मुलगा झाला, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या माझ्या बायकोने तुर्की शिकायला घेतली. तिकडच्या विहीणबाईंना दुसरी कुठली भाषा येत नव्हती. नातवाला बघायला जाऊ तेव्हा त्यांच्याशी आपलं आपण बोलायचं, मध्ये मुलगी नको, एवढंच तिला हवं होतं.

नवा रायपूरहून कचेरीच्या बसने परतताना मी तुर्कीच्या पुस्तकातले नियम वहीत उतरवून घेई. संध्याकाळी समता कॉलनीतल्या घरी ती पोळ्या लाटायची आणि मी स्टुलावर बसून पाठ म्हणवून घ्यायचो. एव म्हणजे घर. एवे घराला, एवदे घरात, एवदेन घरातून. इचिन म्हणजे साठी. ‘ग्योरमेये गेल्दिम’, बघायला आले. हे मात्र तिला एकदाच सांगावं लागलं.

“हे तं आपल्यासारखंच झालं,” ती म्हणाली. “पाहाले आली.”

माझी नोकरी मसुदे तपासण्याची. एक शब्द चुकला तरी कागद सहीला जाऊ द्यायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. घरीही तेच. प्रत्यय चुकला की वाक्य पहिल्यापासून. रविवारी विहीणबाई व्हिडिओवर यायच्या. ती नमस्कार करायची, बोलायला तोंड उघडायची आणि माझ्याकडे बघायची. मी मानेनेच नको म्हणायचो. आधी पक्कं होऊ दे.

“अजी, मले तिच्यासंग बोलाचं आहे,” एकदा ती म्हणाली. “परीक्षा थोडीच द्याची आहे.”

मी हसलो आणि पुन्हा घराची रूपं विचारली.

पावसाळा सरता सरता ती गेली. सकाळी छातीत कळ आली, दुपारी सगळं संपलं. विमानाची तिकिटं पुढच्या महिन्याची होती.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी विहीणबाईंचा व्हिडिओवर फोन आला. आईसाठी धावत आलेली मुलगी माझ्याशेजारी बसली होती. ती बोलू लागली, तिला मी हाताने थांबवलं. तुमच्याशी बोलण्यासाठी माझी बायको तुर्की शिकत होती, एवढंच मला सांगायचं होतं. शब्द सगळे आठवले. पण ‘तुमच्याशी’च्या जागी ‘तुमच्यात’ म्हणून गेलो, आणि ते म्हणतानाच कळलं. पुन्हा पहिल्यापासून म्हणावं म्हणून मी थांबलो.

पण विहीणबाईंना समजलं होतं. डोक्यावरच्या रुमालाचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं होतं.