धवलारणीचा मुलगा

या लग्नसराईत आमच्या गावात तीन लग्नं झाली आणि तिन्ही भटजींनी लावली. कोपरच्या खाडीकाठी असं आजवर कधी घडलं नव्हतं. लोक मला वाटेत थांबवून सांगतात, बाबा, तू शिकलास म्हणून गावाला हे दिवस दिसले. मी मान डोलावतो. दुसरं काय करणार? खरं सांगायला गेलो तर म्हणतील, पोराचं डोकं इंग्रजीनं फिरलं.

आम्ही आगरी. पावसाळ्यात भात लावायचं आणि उन्हाळ्यात मिठागरावर मीठ ओढायचं, हेच आमचे बापजादे करत आले. आमच्यात लग्न लावते ती बाई. तिला धवलारीण म्हणतात. हळद लागल्यापासून नवरीची पाठवणी होईपर्यंत ती मांडवात बसून धवले गाते. धवले म्हणजे लग्नाची गाणी. त्यांतच देवांना बोलावणं, त्यांतच दोन्ही घरच्या मेलेल्या माणसांना बोलावणं, आणि आता कुणी काय करायचं तेही त्यांतच. पोथी नाही, कागद नाही, सगळं तिच्या डोक्यात. आमच्या गावची धवलारीण म्हणजे माझी आई.

परवा ठाण्याच्या वाचनालयात वर्तमानपत्र चाळत होतो. पुण्याकडे काही मंडळी म्हणे भटाशिवाय लग्नं लावू लागलीत. कुणी लिहितो केवढी ही सुधारणा, कुणी लिहितो केवढा हा अनाचार, नुसता धुरळा. मी तो मजकूर दोनदा वाचला. जे मिळवायला तिकडे शिकलेली माणसं शिव्या खातायत, ते आमच्याकडे पणज्यांपासून होतं, आणि ते मोडलं मी. हसावं की रडावं कळेना. शेवटी वर्तमानपत्राची घडी घातली आणि भूमितीचं पुस्तक काढलं. मॅट्रिकची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. पास झालो तरी आता ते कुणाला जाऊन सांगायचं?

याची सुरुवात शाळेत झाली. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत आमच्या जातीचा मी एकटा. मिठाच्या वखारीत माझा मामा राखणीला होता, त्याच्या खोलीत मी राहायचो. एकदा वर्गात मुलांनी सहज विचारलं, तुमच्यात लग्न कोण लावतं रे? मी छाती पुढे काढून म्हणालो, माझी आई. झालं! आठवडाभर पोरं पोट धरून हसत होती. बाईनं लावलेल्या लग्नाला लग्न म्हणतात होय, म्हणून विचारत होती. एकानं डोक्यावरून उपरणं घेऊन गळा काढून दाखवला. तेव्हापासून माझं नाव पडलं, धवलारणीचा. मास्तरही एकदा चुकून त्याच नावानं हाक मारून गेले. मी रागानं पेटलो होतो, पण माझा राग कुणावर होता म्हणता? आईवर. कबूल करायला लाज वाटते, पण तसंच होतं.

आता एका मुलीबद्दल सांगतो. ती आमच्या शेजारच्या घरातली. मी विसाचा, ती अठराची असेल. आमच्याकडे जन्म कोण लिहून ठेवतंय! बापाला मुलगा नव्हता, म्हणून मिठागरावर बापाच्या बरोबरीनं तीच राबायची. शनिवारी भरतीच्या वेळी ठाण्याहून निघणाऱ्या होडीत बसून मी गावी यायचो, तेव्हा ती बांधावर मिठाची पाटी घेऊन चाललेली असायची. पाटी उतरवायची नाही, उभ्या उभ्याच विचारायची, या आठवड्यात काय शिकलास? मी एकदा सांगितलं, पृथ्वी गोल आहे. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, मग खाडीचं पाणी सांडत कसं नाय? ती हसत पुढे गेली. पुढचा सबंध आठवडा मी त्या हसण्यावर काढला. मला ती फार आवडायची, हे इथे सरळ लिहून टाकतो. तिला मात्र तसं मी कधी बोललो नाही.

आईचाही तिच्यावर जीव होता. आई मांडवात गायला बसली की मागची ओळ उचलायला हीच असायची. दुसऱ्या मुली दोन गाण्यांत कंटाळून उठायच्या, ही पहाटेपर्यंत बसायची. आपल्यामागे गाणी हिच्याकडे जातील आणि ही आपल्याच घरात येईल, असं आईनं मनात पक्कं करून ठेवलं होतं. दोन्ही बापांचं बोलणं झालं होतं. लग्न लावायचं तेवढं राहिलं होतं.

आणि तिथे मी अक्कल पाजळली. दसऱ्याला घरी आलो आणि जाहीर केलं की माझं लग्न कल्याणच्या भटजींकडून, मंत्रांनी आणि मुहूर्तावर लागेल, नाहीतर मी उभा राहणार नाही. वडील म्हणाले, शिकलेला पोर, त्याला कळतं. बिचाऱ्यांनी आयुष्यभर मिठाची होडी वल्हवली, माझ्या शिकण्यावर त्यांचा देवासारखा विश्वास. आई चुलीपाशी होती. मुलाच्या लग्नात आपण स्वतःच गायचं की शेजारच्या गावची धवलारीण बोलवायची, यावर तिनं महिनाभर विचार करून आपणच गायचं ठरवलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली,

"तुला भट पायजे तं भट आन. मना काय इचारतंस?"

मी भटजींना घेऊन आलो. म्हातारे, सोवळ्याचे, माणूस तसे वाईट नव्हते. त्यांनी ओटीवर बसून माझी जन्मवेळ विचारली. आई म्हणाली, ओहोटी लागली होती. कुठल्या साली? ज्या साली उधाणानं मोठा बांध फुटला त्या साली. भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. अखेर नावावरून राशी काढून त्यांनी पत्रिका जुळवली आणि मग पंचांग मिटून म्हणाले, सिंहस्थ लागलाय. गुरू बारा वर्षांनी एकदा सिंहराशीत जातो, तो तिथे असेतोवर तेरा महिने विवाह वर्ज्य. पुढल्या तुळशीच्या लग्नानंतर बघू.

मी ते शिरोधार्य मानलं. एवढंच नाही, मला उलट बरंच वाटलं. शाळेत सांगता येईल, आमच्याकडे सिंहस्थ पाळतात. बांधावर तिला सांगितलं की वर्षभर थांबायचं आहे. तिनं पाटी उतरवली. त्या दिवशी पहिल्यांदा उतरवली. मिठाच्या ढिगाकडे बघत म्हणाली की बापाचा खोकला वाढलाय. मला वाटलं, विषय बदलते आहे.

माघात तिच्या बापानं मिठागर सोडलं. फाल्गुनात त्याला दहा पावलं चाललं तरी धाप लागायची. आणि चैत्रात एक दिवस तो माणूस तसाच होडीत बसून ठाण्याला, वखारीत मला भेटायला आला. पायरीवर बसला, किती वेळ नुसता खोकत होता. मी पाणी दिलं. मग म्हणाला,

"पोरा, माजा काय भरवसा नाय. पाऊस बगीन का नाय, देवाला ठाव. चार दिसांत लगीन लावू. तुजी आयस हाय ना."

त्यावेळी हो म्हणायला किती वेळ लागला असता? एक अक्षर. पण मी म्हणालो, भटजींना विचारतो. शांत वगैरे करून काही वाट निघते का बघतो, आठ दिवस द्या. तो बरं म्हणाला आणि भिंतीला धरून उठला.

दुसऱ्याच दिवशी मी कल्याणला गेलो. भटजी घरी नव्हते. सिंहस्थाचं स्नान करायला सहकुटुंब नाशिकला गेले होते. कधी येतील? येतील आठ-पंधरा दिवसांत. मी परत आलो, पुन्हा गेलो, पुन्हा परत आलो. शाळा बुडवून त्यांच्या बंद दाराशी उभा राहिलो. मधल्या दिवसांत तिच्या बापाचा निरोप आला, मानपाड्याकडचं एक घर विचारतंय, काय करू? मी निरोप दिला, भटजी येऊ द्या. दुसऱ्यांदा निरोप आला, तेव्हाही तेच. शेजारीपाजारी सांगून थकले, मामा चिडला, मला म्हणाला, दगडा, घरी जा आणि लग्न कर. मी त्यालाच शास्त्र समजावत बसलो. कुणी मला धरून चार तडाखे द्यायला हवे होते.

बाविसाव्या दिवशी भटजी भेटले. ओटीवर बसून शेजाऱ्यांना गोदेचं पाणी वाटत होते. माझ्याही तळहातावर वरून सोडलं. मी सगळी हकिगत सांगितली, नवरीचा बाप आजारी आहे, पावसाआधी लग्न हवं आहे, सिंहस्थाला काही उतारा आहे का. त्यांना आधी कळेचना मी कशासाठी एवढा रडकुंडीला आलोय. मग म्हणाले,

"अरे, तुम्हां लोकांना सिंहस्थ कसला? तुमच्यात ती बाई असते ना गाणारी, तिनं लावून टाकायचं."

आणि पुढच्या माणसाच्या हातावर पाणी सोडलं. त्यांच्या बोलण्यात कसलाही कुत्सितपणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. मी दसऱ्यापासून जे डोक्यावर घेऊन नाचत होतो ते मुळात माझ्यासाठी नव्हतंच, आणि हे त्यांनी मला आधी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

कल्याणहून गावापर्यंत मी रुळाच्या कडेकडेनं जवळजवळ पळतच आलो. चैत्रातलं ऊन, पायात वहाणा नव्हत्या. तिच्या दारात पोहोचलो तेव्हा अंगणात चार परके लोक हात धूत होते. सुपारी फुटली होती. दुपारीच. बाप खाटेवर टेकून बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, पण त्यानं मला बोलूच दिलं नाही. शब्द दिला बाबा, एवढंच म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. मीही रडलो. पाहुण्यांसमोर, लहान मुलासारखा.

ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्या हातात दिला. तिचे डोळे कोरडे होते.

"तू भटाला इचारीत रायलास," ती म्हणाली. "मना कवा इचारलंस?"

गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं. मी ठाण्याला राहिलो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं, पण पाय राहू देईनात. गावात धवलारीण एकच, तेव्हा गायला माझी आई बसली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. जन्मल्यापासून ही गाणी माझ्या कानांवर पडत होती, आणि त्या दिवशी मी ती पहिल्यांदा ऐकली. तिच्या मेलेल्या आजीला हाक होती, बये ये, चुलीपाशी बस, नातीची हळद बघ. खाडीला बोलावणं होतं, बांधाला होतं. मागची ओळ उचलायला कुणी नव्हतं, उचलणारी पाटावर बसली होती. आई दोन्ही ओळी स्वतःच म्हणत होती. नवरदेवाचं नाव घ्यायची जागा आली, तेव्हा मी खांब घट्ट धरला. आईनं त्याचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, आजाचं घेतलं. तिचा आवाज कुठेही अडखळला नाही. सबंध गावात लिहिता येणारा मी एकटा, आणि माझ्याजवळ कागद नव्हता. कागद आणायला घरी जावं असं मनातही आलं नाही.

बाप पावसाआधीच गेला. ती मानपाड्याला नांदते आहे, सुखात असेल, मी चौकशी करत नाही. आणि गावानं माझ्या लग्नाचा हट्ट तेवढा लक्षात ठेवला. शिकलेल्या पोराला भट पाहिजे होता, मग आपल्याला का नको? तीन मांडव पडले, एकाही घरानं आईला बोलावलं नाही. त्या दिवसांत ती दार लावून घरात बसायची आणि भाताची पेंढी आवळत राहायची.

त्या वैशाखातल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं भात रांधला होता. धवलारणीला लग्नघरातून तांदूळ आणि नारळ मिळतो, त्याच तांदळाचा. मला ते कळलं आणि घास हातात तसाच राहिला. मी संतापून विचारलं की तू गेलीस कशी, तुझ्या तोंडातून ते गाणं निघालं कसं.

"मी नाय गायली असती तं तिचं लगीन लागलं नसतं," आई म्हणाली.

तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तुज्या लग्नाला मातर भटच बोलव. माज्यानं आता गाववनार नाय."

मी खाली मान घालून तो भात जेवलो. तिनं विचारलं, मीठ पुरतं आहे का. मी पुरतं म्हणालो.