बेटावर हाक मारण्याची रीत

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकतो. कारण बेटावरच्या मावशींएवढी हट्टी बाई आख्ख्या नगर जिल्ह्यात नाही, असं मी म्हटलं की लोकांना वाटतं, ग्रामसेवक स्वतःची चूक झाकतोय.

मुळा धरण भरलं की एक टेकाड पाण्यात एकटं उरतं. त्यावर, काठापासून हाकेच्या अंतरावर, बाभळींच्या आड, मासे धरून जगणाऱ्या भिल्लांची सात घरं आहेत. सौर दिव्यांच्या यादीसाठी मी गेलो खरा, पण मला पाण्याची भीती. काठावरूनच ओरडलो, "कोणी आहे का?" उत्तर आलं नाही. 'वस्ती नाही' असं लिहून परतलो. सातही घरं अंधारात राहिली.

पुढच्या सोमवारी मावशी कार्यालयाच्या दारात हजर. तिथूनच त्यांनी स्वतःचं नाव, बापाचं नाव, कूळ खणखणीत सांगितलं आणि मी ते परत उच्चारीपर्यंत उंबरा ओलांडला नाही.

"आमची रीतच हाय. नाव सांगंल त्यालाच ओ द्यायची. 'कोनी हाय का' इचारनाऱ्याला आमी नसतोच, भाऊसाहेब."

"म्हणजे त्या दिवशी ऐकलं होतंत?"

"समद्यांनी! कालवनात तुमच्या वाटचा मासा बी टाकला हुता."

मग दर सोमवारी हेच. शिपायाला त्यांचं कूळ तोंडपाठ झालं. खुर्चीवर मात्र त्या कधी बसल्या नाहीत. "खुर्चीत बसलं की मान्साला लांबचं दिसत न्हाई," असं माझ्याकडे बघत म्हणायच्या. मी यादी दुरुस्त केली, सातही नावं घातली. "झालं ना आता?"

"कागदाचं झालं. तुमचं कुटं झालं? तितं या."

गेलो. थर्माकोलचा चप्पू, म्हणजे नुसता तराफाच, दोन्ही कडा मी घट्ट धरलेल्या. मावशी वल्हवत हसत होत्या, "पानी खात न्हाई, भाऊसाहेब!" बेटाला लागताच त्यांनी उडी मारली, "थांबा हितंच" म्हणाल्या आणि आपल्या दारात जाऊन पाठ फिरवून बसल्या. एवढा वेळ मला वल्हवत आणणारी बाई आता मला ओळखत नव्हती! बाकीच्या सहाही दारांत माणसं उभी.

मी माझं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. गाव देवळाली प्रवरा, तेही सांगितलं. ओ नाही.

"काम?" पाठमोरा आवाज आला.

डुलत्या चप्पूत मी कसाबसा उभा राहिलो.

"न येताच 'वस्ती नाही' लिहिणारा तो मीच, मावशी. तुम्ही होतात. तुम्ही सगळे इथेच होतात. माझं चुकलं. मला माफ करा."